चंद्रावरचा लाल ठिपका प्रकाशाच्या पुढे पळतो का?

खाडीकाठची (कोपरी, ठाणे पूर्व)

कोजागरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर नेहमीप्रमाणे दूध आटवायला ठेवलं होतं. मी कडेला धरलेली साय पळीने परत दुधात ढकलत होते, तेवढ्यात भाचा (आठवीत आहे) त्याच्या बाबांचा लेझर पॉइंटर घेऊन आला. पाण्याच्या टाकीवर ठिपका नाचवून झाला आणि मग म्हणाला, "मावशी, हा चंद्रावर धरला आणि मनगट असं झटकन फिरवलं, तर ठिपका चंद्राच्या या कडेपासून त्या कडेला किती वेगाने जाईल?"

विमानाकडे आणि कुणाच्या डोळ्यांकडे तो धरायचा नाही हे आधी बजावलं. एवढ्याशा पॉइंटरचा उजेड चंद्रापर्यंत जाता जाता इतका पसरेल की तिथे कुणाला काही दिसणार नाही, हेही सांगितलं. "समज, खूप जोरदार आहे," तो म्हणाला. मग चारोळीच्या पुड्याच्या कागदावर आम्ही हिशेब मांडला. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर. आकाशात तो आपल्याला साधारण अर्धा अंश रुंद दिसतो. मनगट सेकंदाला ५० अंश सहज फिरतं, म्हणजे अर्ध्या अंशाला लागतो सेकंदाचा शंभरावा भाग. तेवढ्या वेळात ठिपका ३,४७४ किलोमीटर जाणार, म्हणजे सेकंदाला ३,४७,४०० किलोमीटर. आणि प्रकाशाचा वेग आहे सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर!

तीनदा तपासलं. हिशेब बरोबर आहे.

मी वाणिज्य शाखेची, बँकेत नोकरी करते. पण तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये. दोन प्रश्न आहेत. प्रकाशापेक्षा वेगाने काहीच जात नाही म्हणतात, ती मर्यादा ठिपक्याने मोडली का? आणि ही मर्यादा खरंच कायमची आहे, की आजवर कुणाला जमलं नाही एवढंच? आइनस्टाइन म्हणाले म्हणून, असं उत्तर मला मुलाला द्यायचं नाही. हे कशावरून कळलं ते सांगा.

ऐरोलीचा नेटवर्कवाला

ताई, हिशेब अगदी बरोबर आहे. ठिपका खरंच त्या वेगाने सरकेल आणि तरीही मर्यादा मोडत नाही.

गच्चीवर झाडांना पाणी घालायचा पाइप घ्या. कठड्याकडे धार धरून पाइप झटक्यात डावीकडून उजवीकडे फिरवा. ओली खूण कठड्यावरून सर्रकन धावत गेलेली दिसेल. पण कठड्यावरून पाण्याचा एक तरी थेंब धावला का? प्रत्येक थेंब पाइपातून निघाला आणि सरळ समोर जाऊन आपटला. शेजारच्या जागी पडला तो दुसराच थेंब. तुमचा ठिपका म्हणजे ती ओली खूण. चंद्राच्या डाव्या कडेवर पोचलेला प्रकाश उजव्या कडेला गेलाच नाही.

आता भाच्याला हे विचारा: डाव्या कडेवर उभ्या असलेल्या माणसाला उजव्या कडेवरच्या माणसाला काही कळवायचं आहे, तर हा ठिपका त्याच्या कामाचा आहे का? नाही. तो ठिपक्यात काही भरू शकत नाही. जे काही कळतं ते तुमच्या हातातून निघतं आणि दोघांनाही साधारण सव्वा सेकंदाने मिळतं. मर्यादा आहे ती निरोपाला.

हा निरोप माझ्या रोजच्या कामातला आहे. मी ऐरोलीत एका डेटा सेंटरमध्ये नेटवर्क बघतो. मागे एका ग्राहकाने धोशा लावला होता की लंडनचं पिंग (म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ) १३० मिलीसेकंदांच्या आसपास येतंय, ते ५० च्या आत आणून द्या, उपकरणं कितीही महाग लागली तरी चालतील. आमच्या वरिष्ठांनी "करून देतो" असं कबूलही केलं. मी बसून हिशेब लिहून दिला. मुंबई ते लंडन सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, जाऊन येऊन १४,४००. फायबरच्या काचेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे केबल नकाशावर पट्टीने रेघ मारल्यासारखी सरळ टाकली आणि मध्ये एकही उपकरण ठेवलं नाही, तरी ७२ मिलीसेकंद. काच काढून टाकली आणि निर्वात नळी टाकली, तरी ४८. प्रत्यक्षात केबल अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त असा वळसा घेत जाते. ५० च्या आत आणायचं म्हणजे निसर्गाने ठेवलेली जवळपास सगळी शिल्लक वापरायची.

बाकी सगळ्या गोष्टी पैशाने सुधारता येतात. ही येत नाही, हे त्या दिवशी मला हाताला लागल्यासारखं कळलं.

मोगरा_कळवा

पाइपच्या उदाहरणासाठी मनापासून धन्यवाद. उद्या शाळेत वर्गात सांगणार आहे. वाचतेय, येऊ द्या.

जुना सिडकोवासी (वाशी)

चर्चा चांगली चालली आहे, पण मला "कायमची मर्यादा" हा शब्द खटकतो. ध्वनीच्या वेगापलीकडे विमान जाणार नाही असं म्हणणारे होतेच ना? १९४७ मध्ये गेलं. विज्ञानात आजचं अशक्य उद्या शक्य होतं, हे आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलंय.

दुसरं, प्रकाशापेक्षा वेगवान कणांचा विचार आपल्याच माणसांनी गांभीर्याने केला आहे. इ. सी. जी. सुदर्शन, जे सुरुवातीला मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, त्यांनी बिलानियुक आणि देशपांडे यांच्याबरोबर १९६२ मध्ये यावर निबंध लिहिला. पुढे १९६७ मध्ये फाइनबर्ग यांनी अशा कणांना टॅकिऑन हे नाव दिलं. एवढे मोठे लोक अशक्य गोष्टीवर वेळ घालवतील का?

आणि २०११ मध्ये तर न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशाच्या पुढे गेल्याची बातमी सगळ्या पेपरांत पहिल्या पानावर होती. तिचं पुढे काय झालं?

खारघरची टेकडी

सिडकोवासी काका, तुमचे तिन्ही मुद्दे महत्त्वाचे आहेत. पहिल्याचं उत्तर मी देते, कारण तो माझ्या रोजच्या हाताखालचा आहे.

ध्वनीचं उदाहरण इथे लागू होत नाही. १९४७ च्या कितीतरी आधी बंदुकीची गोळी ध्वनीच्या पुढे जात होती, आसूडाचं टोकही जात होतं. म्हणजे निसर्गाची हरकत नव्हती, फक्त विमान टिकेल का हा प्रश्न होता. प्रकाशाच्या बाबतीत अशी एकही गोळी आजवर सापडलेली नाही. आणि शोधायला फार लांब जावं लागत नाही.

मी नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात मेडिकल फिजिसिस्ट आहे. कर्करोगाच्या रुग्णांना रेडिएशन देण्याच्या यंत्राला आम्ही लिनॅक म्हणतो. त्याचा गाभा म्हणजे इलेक्ट्रॉन पळवायची तांब्याची नळी. कन्सोलवर आमच्याकडे ६ आणि १५ असे दोन पर्याय असतात. ६ म्हणजे इलेक्ट्रॉनला साठ लाख व्होल्टचा रेटा, १५ म्हणजे दीड कोटी व्होल्टचा. शाळेत शिकलेलं न्यूटनचं सूत्र लावलं तर ६ ला इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या ४.८ पट वेगाने जायला हवा आणि १५ ला ७.७ पट. प्रत्यक्षात ६ ला त्याचा वेग असतो सेकंदाला सुमारे २,९८,८७० किलोमीटर आणि १५ ला सुमारे २,९९,६३०. ऊर्जा अडीच पट केली आणि वेग वाढला पाव टक्का.

"हे कशावरून?" असं ताईंनी विचारलंय. त्या नळीच्या रचनेवरूनच. आत पेल्यांसारखे कप्पे ओळीने बसवलेले असतात आणि त्यांत रडारमध्ये वापरतात तशा लहरी सोडलेल्या असतात. या लहरी सेकंदाला सुमारे ३०० कोटी आवर्तनं करतात. झोपाळ्याला झोका देताना आपण वेळ साधतो ना, तसंच आहे हे. इलेक्ट्रॉन पुढच्या कप्प्यात शिरेल त्या क्षणी तिथली लहर पुढे ढकलणारी हवी. अर्ध्या आवर्तनात प्रकाश ५ सेंटिमीटर जातो, म्हणून कप्पे पाच-पाच सेंटिमीटरवर असतात. सुरुवातीचे काही कप्पे मात्र आखूड असतात, कारण बंदुकीतून नुकताच सुटलेला इलेक्ट्रॉन अजून मागे असतो. थोड्याच कप्प्यांत तो प्रकाशाच्या इतका जवळ पोचतो की पुढचे सगळे कप्पे एकाच मापाचे.

तो न्यूटनच्या हिशेबाने ४.८ पट वेगाने पळाला असता तर शेवटचे कप्पे २४ सेंटिमीटरचे करावे लागले असते. एकाच मापाच्या नळीत तो चुकीच्या वेळी चुकीच्या कप्प्यात शिरला असता, लहरीनेच त्याला मागे ओढलं असतं आणि यंत्रातून काही बाहेर पडलंच नसतं. जगभरात ही यंत्रं रोज सकाळी सुरू होतात आणि रुग्णांना ठरवलेला डोस मिळतो, तो या मर्यादेच्या भरवशावर.

मग जास्तीची ऊर्जा गेली कुठे? ती वाया जात नाही. याच इलेक्ट्रॉनपासून आम्ही क्ष-किरणांचा झोत बनवतो. ६ च्या झोतात जास्तीत जास्त डोस त्वचेखाली साधारण दीड सेंटिमीटरवर मिळतो, १५ च्या झोतात जवळपास ३ सेंटिमीटरवर. वेग तोच, पण शिरकाव दुप्पट. ऊर्जा इलेक्ट्रॉनच्या अंगात मुरते, त्याला अडवणं जास्त जड होतं, पण तो वेगवान होत नाही. माझ्या उमेदवारीच्या दिवसांत हे आकडे पहिल्यांदा शेजारी शेजारी लिहिले तेव्हा मी किती तरी वेळ त्या कागदाकडे बघत बसले होते.

हेच १९६४ मध्ये बर्टोझी यांनी अमेरिकेत एमआयटीत सरळ मोजलं होतं. इलेक्ट्रॉनला ८.४ मीटर अंतर पळवून वेळ घेतली आणि शेवटी ते अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर आपटून चकती किती तापते ते पाहिलं. चकती वाढत्या ऊर्जेनुसार तापत गेली, वेग मात्र प्रकाशाशी येऊन थबकला. आणि जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन केंद्राच्या मोठ्या वर्तुळाकार यंत्रात प्रोटॉन प्रकाशापेक्षा सेकंदाला फक्त ३ मीटर कमी पडतात. पाम बीच रोडला सकाळी पळणाऱ्या माणसाचा वेग तेवढा असतो. एवढं प्रचंड यंत्र, एवढी वीज, आणि ते ३ मीटर भरून निघत नाहीत.

चेकनाका

२०११ च्या बातमीचं मी सांगतो, कारण तेव्हा मी ती रोज फॉलो करत होतो.

सर्नमधून निघालेले न्यूट्रिनो ७३० किलोमीटर जमिनीखालून इटलीतल्या ग्रान सासोच्या प्रयोगशाळेत मोजले जात होते. ओपेरा या गटाला ते ६० नॅनोसेकंद लवकर आलेले दिसले. अंतरात सांगायचं तर १८ मीटर पुढे, आपल्या लोकलच्या एका डब्याहून थोडं कमी. त्या लोकांनी महिनोन् महिने स्वतःची चूक शोधली, सापडली नाही, तेव्हा सप्टेंबरमध्ये जगापुढे आकडे ठेवून म्हणाले, आमचं कुठे चुकतंय ते सांगा. अखेर सापडलं: घड्याळाच्या संदेशाची एक फायबर केबल नीट घट्ट बसलेली नव्हती. २०१२ मध्ये दुरुस्त मोजणीत न्यूट्रिनो प्रकाशाच्या वेगानेच आले.

पण त्याआधीच अनेकांना शंका होती, आणि तिचं कारण फार सुंदर आहे. १९८७ मध्ये मोठा मॅगेलन मेघ या शेजारच्या दीर्घिकेत एका ताऱ्याचा स्फोट झालेला दिसला. अंतर सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षं. त्याचे न्यूट्रिनो प्रकाशाच्या साधारण ३ तास आधी आले, तेही प्रकाश ताऱ्याच्या पोटातून बाहेर पडायला वेळ लागला म्हणून. ओपेराचा आकडा खरा असता तर ते ४ वर्षं आधी यायला हवे होते.

मला यात त्या गटाचा मोठेपणा वाटतो. मर्यादा मोडली असती तर ती पण त्यांनी अशीच सगळ्यांपुढे ठेवली असती.

निमिषार्ध

यात आपल्या परंपरेचा उल्लेख यायला हवा. चौदाव्या शतकात सायणाचार्यांनी ऋग्वेदाच्या भाष्यात २,२०२ योजनं अर्ध्या निमिषात, असा वेग दिला आहे. योजन आणि निमिष यांची मापं घालून गणित केलं तर प्रकाशाचा वेग येतो, असं मी वाचलं आहे. मला याचा अभिमान वाटतो.

तलावपाळी

निमिषार्ध, तो उल्लेख सायणभाष्यात आहे हे खरं, आणि तिथे तो सूर्याच्या स्तुतीत आला आहे. अडचण मापांची आहे. योजन वेगवेगळ्या ग्रंथांत वेगवेगळ्या लांबीचं आहे, निमिषाचंही तसंच. एका जोडीने प्रकाशाचा वेग जवळपास येतो, दुसऱ्या जोडीने खूप लांबचा. म्हणून मी स्वतः तो पुरावा धरत नाही. शिवाय ताईंचा प्रश्न आकडा किती हा नाही. तो आकडा ओलांडता येतो का, हा आहे.

त्या आकड्याकडे जायची वाट पहिल्यांदा सापडली ती १६७६ मध्ये. गुरूचा चंद्र आयो गुरूच्या सावलीत जाण्याच्या वेळा पुढेमागे होतात, हे पाहून रोमर यांनी ओळखलं की प्रकाशाला यायला वेळ लागतो. आज तर तो मोजायचा राहिलाच नाही. १९८३ पासून मीटरची व्याख्याच प्रकाशावर बेतली आहे, त्यामुळे सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर हा आकडा पक्का.

सुदर्शन, देशपांडे यांच्याबद्दल काकांना: त्यांनी मर्यादा खोटी ठरवली नव्हती. त्यांचं म्हणणं होतं की सावकाश कणाला वेग वाढवून ती ओलांडता येत नाही हे मान्य, पण जन्मापासूनच पलीकडे असलेले कण का नसावेत? असे कण असले तर त्यांनाही हळू होऊन अलीकडे येता येणार नाही. म्हणजे भिंत दोन्ही बाजूंनी भिंतच. गणिताने दार उघडं ठेवलं, निसर्गात मात्र असा कण आजतागायत मिळालेला नाही.

खाडीकाठची

किती मनापासून लिहिताय सगळे! भाच्याला मोठ्याने वाचून दाखवतेय. त्याचा नवा प्रश्न: ठाण्यापासून बोरीबंदरपर्यंत, म्हणजे १८५३ साली पहिली गाडी धावली तेवढ्या ३४ किलोमीटरांवर, एक अखंड पोलादी दांडा ठेवला. इकडून ढकलला की तिकडचं टोक त्याच क्षणी हलेल ना? मग निरोप एका क्षणात गेला की!

दिवा जंक्शन

दांडा पूर्ण ताठ असेल असं आपण धरून चालतो, तिथे फसतो. मी रेल्वेत आहे. दिव्याला सिग्नलसाठी थांबलेली मालगाडी सुटताना कधी ऐकलीये? इंजिन हलतं, पहिल्या कपलिंगचा "खाड्" आवाज येतो, मग दुसऱ्याचा, तिसऱ्याचा, आणि तो आवाज तुमच्यासमोरून मागे धावत गार्डाच्या डब्यापर्यंत जातो. इंजिन निघालं तेव्हा शेवटचा डबा अजून जागेवरच असतो.

दांड्यातही तसेच डबे असतात, फक्त ते अणूंचे. एक अणू शेजारच्याला रेटतो, तो पुढच्याला. पोलादात हा रेटा सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर जातो, तो पोलादातल्या ध्वनीचा वेग. तेव्हा तुमचा धक्का बोरीबंदरला पोचायला सुमारे ७ सेकंद लागतील. कितीही कडक धातू आणा, अणूंमधली ओढ विजेचीच असते, आणि ती स्वतः प्रकाशाच्या वेगापुढे जात नाही.

खाडीकाठची

दांड्याचं पटलं. आता एकच गोष्ट राहते आणि तीच मला सगळ्यात जास्त सतावते. का? इलेक्ट्रॉन पुढे जात नाही हे मोजलं, मान्य. पण निसर्गाला अशी मर्यादा हवीच कशाला? आणि ती प्रकाशाचीच का?

तलावपाळी

ताई, मी चाळीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, आणि हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी मला नेहमी आवडला. जरा सावकाश वाचा.

पहिली गोष्ट, तो प्रकाशाचा खासगी वेग नाही. मॅक्सवेल यांनी १८६५ मध्ये वीज आणि चुंबकत्वाच्या समीकरणांतून तो आकडा काढला. त्यात दिवा नव्हता, सूर्य नव्हता. पुढे १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी पृथ्वीवर आल्या आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरण. दोघांनी सुमारे १३ कोटी वर्षं प्रवास केला होता. म्हणजे गुरुत्वाचा वेगही तोच. ज्याला वस्तुमान नाही ते सगळं त्याच वेगाने जातं. हा निरोपाचा वेग आहे, प्रकाश फक्त त्याचा आपल्याला दिसणारा जासूद.

दुसरी गोष्ट, तो मोडला तर काय होतं. आइनस्टाइन यांनी १९०५ मध्ये दाखवलं की वेगवेगळ्या वेगाने जाणाऱ्यांचं "आत्ता" एक नसतं. हे घड्याळ चुकल्यामुळे नाही, काळच तसा आहे. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात (यात गतीचा आणि गुरुत्वाचा, दोन्हींचा वाटा आहे). ती दुरुस्ती केली नाही तर घोडबंदर रोडवरची तुमची रिक्षा दिवसाभरात दहा किलोमीटर भलतीकडे दिसेल.

आता हे बघा. मंगळ आपल्यापासून १० प्रकाश-मिनिटं दूर आहे असं धरा, तसा तो वर्षाच्या काही काळात असतोही. तुम्ही १२ वाजता गच्चीवरून प्रकाशाच्या पाचपट वेगाचा निरोप सोडला. आपल्या घड्याळाने तो १२ वाजून २ मिनिटांनी मंगळावर पोचला. याच वेळी एक यान प्रकाशाच्या ०.६ पट वेगाने मंगळाच्या दिशेने तुमच्यावरून चाललंय. त्या यानातल्या माणसाचा हिशेब: १२ ला आपण दोघे एकाच जागी, तिथे घड्याळं जुळवली. मंगळावर निरोप पोचला ती वेळ काढायची तर २ मधून ६ (म्हणजे १० मिनिटं गुणिले ०.६) वजा करायचे आणि १.२५ ने गुणायचं (०.६ वेगासाठी आइनस्टाइन यांच्या सूत्रातून हा आकडा येतो). उत्तर उणे ५ मिनिटं. त्याच्या लेखी निरोप ११ वाजून ५५ मिनिटांनी पोचला. सुटायच्या आधी!

प्रकाशाचा निरोप घ्या: १० मधून ६ गेले ४, गुणिले १.२५, बरोबर अधिक ५ मिनिटं. आधी सुटला, मग पोचला. सगळ्यांच्या लेखी क्रम शाबूत.

आणि त्या यानाकडेही असाच अतिवेगवान निरोप पाठवायची सोय असेल, तर उत्तर प्रश्नाच्या आधी तुमच्या गच्चीवर येऊ शकतं. दूध उतू गेलं हे कळवणारा निरोप गॅस पेटवायच्या आधी हातात पडला, तर तुम्ही गॅस पेटवालच का? मग दूध उतू कसं गेलं, आणि निरोप पाठवला कुणी? कारण आधी आणि परिणाम नंतर, हा क्रम सगळ्यांसाठी टिकायचा तर निरोपाला वेगाची कमाल लागतेच. मला विचाराल तर ही मर्यादा म्हणजे अडसर नाही. घटनांची माळ तुटू न देणारा तो दोरा आहे.

ऐरोलीचा नेटवर्कवाला

सर, नमस्कार. वीस वर्षांत इतकं सोपं कुणी सांगितलं नव्हतं.

मंगळावरून आठवलं. २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळयान कक्षेत शिरलं तेव्हा तिथून निरोप यायला सुमारे साडेबारा मिनिटं लागत होती, म्हणून सगळ्या आज्ञा आधीच भरून ठेवल्या होत्या. आणि २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरताना शेवटची मिनिटं यान स्वतःच निर्णय घेत होतं. जाऊन येऊन अडीच सेकंद लागतात, खड्डा दिसल्यावर बंगळुरूला विचारायला वेळ कुठे?

मोगरा_कळवा

दोन शंका राहिल्या. दूरच्या दीर्घिका प्रकाशापेक्षा जास्त वेगाने लांब जातात म्हणतात. आणि ते दोन कण, एकाला हात लावला की दुसऱ्याला कळतं, ते?

चेकनाका

दीर्घिकांचं खरं आहे. साधारण १,४०० कोटी प्रकाशवर्षांपलीकडच्या दीर्घिकांचं अंतर आपल्यापासून त्याहून वेगाने वाढतंय. पण त्या अवकाशातून धावत नाहीत, मधलं अवकाश फुगतंय. कुठलीही दीर्घिका शेजारच्या प्रकाशकिरणाला शर्यतीत मागे टाकत नाही.

दोन कणांबद्दल: संबंध खरा आहे, २०२२ चं नोबेल आस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर यांना त्याच प्रयोगांसाठी मिळालं. पण तुमच्या टोकाला जे उत्तर येतं ते तुम्ही ठरवू शकत नाही, नुसतं बघता. दोन्हीकडच्या वह्या शेजारी ठेवल्याशिवाय मेळ दिसत नाही, आणि वही पोचवायची तर फोन, ईमेल किंवा टपाल. तिथे पुन्हा तीच मर्यादा.

जुना सिडकोवासी (वाशी)

माझं ध्वनीचं उदाहरण मी मागे घेतो. खारघरच्या ताईंचे पाच सेंटिमीटरचे कप्पे डोक्यातून जाणार नाहीत.

आता मीही एक सांगतो, कारण या धाग्याला ते लागतं. वाशीच्या पुलावरून पलीकडे तुर्भ्याचा, म्हणजे ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो. त्याच्या पायथ्याशी, भाभा अणुसंशोधन केंद्रात, मी नोकरीची बरीच वर्षं काढली. तिथली अप्सरा ही आशियातली पहिली अणुभट्टी, ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झालेली. ती पोहण्याच्या तलावासारखी होती, वरून पाण्यात खाली बघता यायचं. मी पहिल्यांदा कठड्यावरून वाकून पाहिलं तेव्हा हॉलमधले दिवे मंद केले होते. खोल तळाशी निळा उजेड होता. ज्योतीसारखा हलत नव्हता, कशाचं प्रतिबिंबही नव्हतं. पाणीच निळं उजळलं होतं. माझ्या शेजारचा सहकारी काही बोलत होता, मला एक शब्द ऐकू आला नाही.

तो उजेड प्रकाशाला मागे टाकणाऱ्या इलेक्ट्रॉनचा असतो. पाण्यात प्रकाश सेकंदाला सव्वादोन लाख किलोमीटरवर येतो, इलेक्ट्रॉन मात्र त्याहून वेगाने पाण्यात सुटतात. ठाण्याच्या खाडीत मचवा स्वतःच्या लाटांपेक्षा वेगाने गेला की नाळेपासून दोन्हीकडे लाटांची पाचर उठते, तसंच. चेरेन्कॉव्ह यांनी १९३४ मध्ये तो निळा उजेड अभ्यासला, १९५८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

ताई, भाच्याला सांगा की पाण्यातल्या, काचेतल्या प्रकाशाला मागे टाकता येतं, आणि ते मी पाहिलंय. निर्वातातला जो वेग आहे, तो मात्र त्या तलावातल्या एकाही इलेक्ट्रॉनने कधी ओलांडला नाही. मर्यादा त्या आकड्याची आहे.

खारघरची टेकडी

काका, तुमचा प्रतिसाद आमच्या विभागात सगळ्यांना वाचून दाखवला. आमच्याकडे निळा उजेड डोळ्यांना दिसत नाही, जाड भिंतींआड सगळं चालतं. तुम्ही भाग्यवान आहात.

खाडीकाठची

आठ दिवसांनी येतेय, उशिराबद्दल क्षमा असावी. रविवारी भाच्याला घेऊन दिव्याला गेले होते. पादचारी पुलावर तासभर उभे राहिलो तेव्हा कुठे एक मालगाडी सिग्नलला थांबली. सुटली तेव्हा त्याने घड्याळ लावलं. पहिल्या खाड्पासून शेवटच्यापर्यंत ९ सेकंद, डबे ४२. एका डब्याची लांबी त्याने ११ मीटर धरली. घरी येऊन वहीत मांडलं: सेकंदाला साधारण ५० मीटर.

त्याखाली त्याने दांड्यातला वेग लिहिला, सेकंदाला ५,००० मीटर. त्याखाली प्रकाशाचा, ३० कोटी मीटर. तिन्ही ओळींपुढे निरोप कोण कुणाला देतो ते लिहिलंय: डबा डब्याला, अणू अणूला. तिसऱ्या ओळीपुढची जागा कोरी ठेवलीये, आणि तलावपाळी सरांना विचारायला सांगितलंय की निर्वातात तर काहीच नसतं, मग तिथे प्रकाशाला पुढे कोण ढकलतं?

तलावपाळी

त्याला म्हणावं, नेमकी तीच ओळ १८८७ मध्ये मायकेलसन आणि मॉर्ली यांनी प्रयोग करून कोरी असल्याचं दाखवलं. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही दोघं तलावपाळीला या. वही घेऊन यायला सांगा.